नाव तेवढं बदललं
(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या नाट्यशिबिरात केलेलं भाषण)



नाटक बसवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, बाया कुठून आणायच्या? स्त्री मुक्ती संघटनेनं 1983 साली ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' केलं, तेव्हा बायांचा अख्खा ताफा उभा राहिला. आपल्याकडे तालमीला एकीला सासू सोडत नाही, दुसरीची खुरपणी असते. म्हणून एकपात्री किंवा दोघीतिघींची एकांकिका आपल्याला झेपते. सुषमा देशपांडे यांनी 1989 पासून 'व्हय, मी सावित्रीबाई' एकटीनं सादर केलं. आणि तुळजापूरच्या मुलखाला हे नवं नाही. गोंधळी संबळ-तुणतुण्यावर आख्यान लावतो, साथीदार मध्येच प्रश्न विचारतो आणि गोष्ट पुढं सरकते. ही रीत आपणही घेऊ. एकीनं बोलायचं, दुसरीनं गर्दीतून विचारायचं.

विषय घरचेच आहेत. वाशी, भूम, कळंबकडची जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. म्हणजे ती अर्धा कोयता. पहाटेचा स्वयंपाक, पाणी, लेकरू तर हिशोबातच नाही. मोळी बांधता बांधता तिनं एवढा हिशोब मांडला तरी दहा मिनिटांचं स्वगत होतं. वेगळं भाषण लागत नाही.

आता आमची एक चूक सांगते. एका गावच्या बैठकीत एकीनं मारहाणीची हकिगत सांगितली. आम्ही नाव बदलून ती प्रयोगात घेतली. विकलेली म्हैस मात्र तशीच ठेवली. प्रयोग पारावर झाला. म्हशीचा उल्लेख येताच सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. आम्ही रात्रीच्या गाडीनं परतलो, तिला तिथंच राहायचं होतं. पुढच्या बैठकीला ती आली नाही. जावेकडून निरोप आला, "ताई, तुम्ही नाव तेवढं बदललं."

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी पाळतो. जिची हकिगत तिला आधी वाचून दाखवायची; ती म्हणेल ते खोडायचं. चारचौघींचं मिळून एक पात्र करायचं. तिच्याच गावात तो प्रयोग करायचा नाही. प्रयोगानंतर त्या रात्री दोघींनी तरी मुक्काम करायचा, कारण ज्यांना बोलायचं असतं त्या गर्दी पांगल्यावरच येतात. त्यांना सांगता यावं म्हणून 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी कुठं भेटतात, हे आधीच विचारून ठेवायचं.

'मी' म्हणून बोलताना समोरची प्रत्येकजण त्यात स्वतःला पाहते, हे एकपात्रीचं बळ. पण गावानं त्यात एकीलाच पाहिलं, तर आपण तिला उघडं पाडलं.

चला, वह्या काढा. 'मी'नं सुरू होणारं अर्धं पान लिहा. मग शेजारणीला वाचून दाखवा आणि विचारा, "यातून कुणी ओळखू येतंय का गं?"