कार्ड दणकट, तरी गेम उघडेना



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत ग्राफिक्स कार्ड हा विषय पाहून काही ज्येष्ठ श्रोत्यांच्या भुवया उंचावल्या असतील. पण घरात गेम खेळणारा नातू किंवा भाची असेल, तर नव्या कार्डाची मागणी तुमच्यापर्यंत आलेली असणारच. ती मान्य करावी की परतवून लावावी, एवढं ठरवण्यापुरतं आज बोलू या.

मार्च २०१७ मध्ये एनव्हिडियानं जीटीएक्स १०८० टीआय हे कार्ड ६९९ डॉलरला बाजारात आणलं. त्यात स्वतःची ११ जीबी मेमरी. जानेवारी २०१९ मध्ये त्याच कंपनीचं आरटीएक्स २०६० आलं, निम्म्या किमतीत, ६ जीबीचं. त्या वेळच्या गेममध्ये जुनं १०८० टीआयच पुढे होतं. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंडच्या रेमेडी कंपनीचा ‘अ‍ॅलन वेक २’ आला आणि स्वस्तातल्या २०६० नं थोरल्या भावाला मागे टाकलं. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’नं तर १०८० टीआयला उंबऱ्यातच अडवलं.

हे कशामुळे? कार्डाची ताकद एक आणि त्याला काय काय येतं ते दुसरं. मोडी न येणारा माणूस कितीही विद्वान असो, मोडीतला दस्त त्याला वाचता येत नाही. पडद्यावरचं दृश्य लाखो त्रिकोणांचं असतं. पूर्वी हे त्रिकोण एका ठरलेल्या रांगेतून कार्डाकडे जायचे. ‘मेश शेडर’ या नव्या पद्धतीत त्यांचे छोटे गट पाडतात आणि जो गट दिसणारच नाही तो आधीच टाकून देतात. ‘अ‍ॅलन वेक २’ या पद्धतीवर उभा आहे; ती १०८० टीआयला येत नाही. ‘इंडियाना जोन्स’ला प्रकाशाचा किरण कुठल्या त्रिकोणावर आदळतो याचं गणित करणारी वेगळी यंत्रणा चिपमध्येच लागते. एनव्हिडियाच्या घरगुती कार्डांत ती २०१८ पासून आली. जी चिपमध्ये कोरलेलीच नाही, ती ड्रायव्हर (म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कितीही नवा टाकला तरी उगवत नाही.

म्हणून तक्रार नीट ऐका. गेम उघडतो पण अडखळतो, तर पडद्याचं रिझोल्यूशन आणि सावल्यांची सेटिंग खाली आणून बघा. अर्ध्या तासानं बंद पडतो, तर उष्णता, पॉवर सप्लाय, ड्रायव्हर यांच्याकडे वळा. कॅबिनेटमधली धूळ आधी झटका. आणि मुळात उघडतच नाही, तर जी चौकट येते ती वाचा. आपली पोरं ती वाचायच्या आत बंद करतात, सगळा घोळ तिथे आहे.

आता एक गोष्ट जवळून पाहू. विंडोजच्या शोधपट्टीत ‘डीएक्सडायग’ (dxdiag) टाइप केलं की एक खिडकी उघडते. पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं: डायरेक्टएक्स १२, म्हणजे गेम आणि कार्ड यांना जोडणारा विंडोजचा दुवा. गेमच्या खोक्यावरही डायरेक्टएक्स १२. माणूस निर्धास्त होतो, आणि फसतो. कारण पहिल्या पानावरचा आकडा विंडोजचा आहे, कार्डाचा नव्हे. कार्डाचा दाखला ‘डिस्प्ले’ या पानावर ‘फीचर लेव्हल्स’ या ओळीत असतो. तिथे १२_२ दिसलं तर मेश शेडर आणि किरणांचं गणित, दोन्ही आहेत. १०८० टीआयच्या ओळीत १२_१ च्या वर काही नाही.

कार्डाच्या नावावर तर विसंबूच नका. २००२ मध्ये एनव्हिडियाचं जीफोर्स ४ एमएक्स आलं. नावात ४, आत मात्र जीफोर्स २ चं बियाणं. २००१ च्या जीफोर्स ३ ला जे पिक्सेल शेडर (ठिपक्याठिपक्याचा रंग ठरवणारे छोटे प्रोग्राम) येत होते, ते ह्या ‘४’ला येत नव्हते. पुढच्याच वर्षी आलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ त्याच्यावर चालेना. म्हणजे हा खेळ आजचा नाही. सालही कामाचं नाही: जीटीएक्स १६६० सुपर हे ऑक्टोबर २०१९ चं, २०६० च्या नंतरचं, तरी किरणांची यंत्रणा त्यात नाही. हे नामकरण निष्काळजीपणानं होतं असं मला वाटत नाही.

जुन्या मालाच्या बाजारात त्याहून पुढची कला आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की ऑनलाइन, जुनं कार्ड घेताना ‘जीपीयू-झेड’ हे फुकटातलं सॉफ्टवेअर दुकानातच चालवून बघा. जीटीएस ४५० सारख्या म्हाताऱ्या कार्डाचा बायोस (त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून त्याला १०५० टीआय म्हणवून विकायचा धंदा जगभर झाला. विंडोज त्या नावावर विश्वास ठेवते; जीपीयू-झेड २०१८ पासून असं कार्ड पकडून नावापुढे ‘फेक’ असा शिक्का मारतं.

कार्ड अस्सल असूनही घोळ होतो. गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स चिप असतात आणि गेम चुकून दुबळीवर चालतो. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स अशा वाटेनं जाऊन गेमला सबळ चिप नेमून द्या. डेस्कटॉपवर मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला खोचलेली नाही ना, तेही पाहा. हसू नका, असं होतं.

मग दोष कोणाचा? मी निर्मात्यांना पूर्ण सोडणार नाही. मार्च २०२४ मध्ये रेमेडीनं ‘अ‍ॅलन वेक २’ची दुरुस्ती काढली आणि मेश शेडर नसलेल्या कार्डांवरही तो बराच सुधारला. म्हणजे मनात आणलं तर काही करता येत होतं. लिनक्सवर तर एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या कार्डांसाठी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी ‘इंडियाना जोन्स’साठी किरणांचं गणित सॉफ्टवेअरमध्ये करून दाखवलं; जुन्या कार्डांवर गेम संथ चालला, पण चालला. पण दोन-दोन पद्धतींनी गेम बांधायचा म्हणजे खर्च दुप्पट नाही तरी बराच वाढतो, आणि इतक्या वर्षांपूर्वीच्या ग्राहकासाठी तो किती दिवस करायचा, हा हिशेब त्यांनाही असतोच. एनव्हिडियानं २०२५ मध्ये १०८० टीआयच्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर थांबवले. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देऊ, असं सांगितलं आहे.

आणि खिशाचं. ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानातून गेम घेतलात आणि तो चाललाच नाही, तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. गेम उघडा ठेवून सेटिंगशी झगडण्यात गेलेला वेळही त्या दोन तासांत धरला जातो. तेव्हा ‘फीचर लेव्हल्स’ची ती ओळ गेम विकत घ्यायच्या आधी वाचून घ्या.