पंचवीस वर्षांचा पूर

तेरणा नदीला मोठा पूर येऊन गेला की पारावर हमखास ऐकू येतं, "झालं, आता वीस-पंचवीस वर्षं काळजी न्हाई." जणू नदीनं हजेरी लावली आणि रजेवर गेली!

या समजुतीला अभियंत्यांची भाषाही थोडी जबाबदार आहे. ते 'पंचवीस वर्षांचा पूर' म्हणतात. अर्थ एवढाच, की तेवढा किंवा त्याहून मोठा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात 4. गेल्या साली येऊन गेला, तरी यंदा पुन्हा 4च.

हा आकडा निघतो कसा? निलंगा मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या 24 वर्षांच्या नोंदी घ्या. दरवर्षीचा एका दिवसातला सर्वांत मोठा पाऊस तेवढा उचला आणि उतरत्या क्रमानं मांडा. पहिल्याची शक्यता 1 भागिले 25, दुसऱ्याची 2 भागिले 25, असं खालपर्यंत. 24 नाही, 25. वहीतल्यापेक्षा मोठा पाऊस पुढं पडू शकतो, त्याच्यासाठी एक पाट मोकळा ठेवायचा.

शंभर वर्षांचा पूर काढायला मात्र वही पुरत नाही, वक्र लागतो. घंटेच्या आकाराचा नेहमीचा वक्र इथं चालत नाही; पाऊस शून्याखाली उतरत नाही, वर मात्र मोकाट सुटतो. अशा टोकाच्या आकड्यांचं गणित एमिल गुम्बेल या जर्मन गणितज्ञानं 1958 साली ग्रंथात मांडलं.

हे टोकाचं गणित लागतं, कारण सरासरीनं आपलं भागत नाही. 2016च्या एप्रिलात दुष्काळामुळं लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा धरण भरलं. सरासरी कुणाच्या कामाची? नदीकाठी मोटार 'दहा वर्षांच्या' पुराच्या पातळीला बसवली, तर दहा वर्षांत ती एकदा तरी बुडण्याची शक्यता शंभरात 65 आहे.

पण गुम्बेलवरही डोळे झाकून विसंबू नये. औराद शहाजानीजवळ तेरणा मांजरेला मिळते. मांजरा फुगली की तेरणेचं पाणी मागं लोटतं. तेरणेवरच्या माकणीच्या किंवा मांजरेवरच्या धनेगावच्या धरणाचे दरवाजे उघडले, तर निलंग्यात ऊन असतानाही सोयाबीन पाण्याखाली जातं. म्हणून पावसाच्या वहीशेजारी विसर्गाची वही हवी. आणि धरणाआधीची वर्षं नि नंतरची वर्षं एकाच वक्रात कोंबता येत नाहीत.