खारी हवा आणि घरातली सायकल

आज हरिहरेश्वरातून बोलतोय, मागे गाज ऐकू येतेय ना? या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. त्यात आपला घाम, तोही खारटच.

पावसाळ्यात माझी स्मार्ट बाईक कुरकुरायला लागली. वाटलं, बेअरिंग गेलं. निघालं काय, तर डावं पेडल सैल! त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या उलट दिशेने आवळायचं. मी नेहमीसारखा पाना फिरवून आणखी सैल करत होतो. आटे झिजले की क्रँकच बदलावा लागतो, तो इथे कुठून आणणार? आता आट्यांना ग्रीस लावूनच आवळतो.

राइड झाली की घाम पुसा. पट्ट्यावर तेल मात्र नको, घसरतो. आणि स्क्रीनवरचे आकडे गायब झाले, तर ॲपला शिव्या देण्याआधी सेन्सरचा सेल काढून बघा, पत्र्यावर गंज चढलाय का ते.