शिपायांच्या सोबत्यांविषयीं
(तुडील येथें केलेलें भाषण)



आमचा महाड तालुका शिपायांचा. येथील एका गांवास तर लोक फौजी आंबवडें असेंच म्हणतात. पेन्शनवाले म्हातारे ओटीवर बसून लढाईच्या गोष्टी सांगूं लागले, म्हणजे आम्हांस एक नवल वाटे. शत्रूचें वर्णन थोडें, सोबत्याचेंच फार!

शेजारच्या माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, टायबर नदीच्या खोऱ्यांत पडले. मशीनगनच्या माऱ्यानें त्यांच्या तुकडीचे सारे गडी मेले अथवा घायाळ झाले. ते एकटेच धांवून गेले, मोर्चा मारिला आणि तेथेंच त्यांनीं प्राण सोडिला. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगांवीं पुतळा उभा राहिला. परंतु त्या सन्मानपत्रांत त्यांच्या गड्यांपैकीं एकाचेंही नांव नाहीं.

नगर जिल्ह्याचे शिपाई नामदेव जाधव यांसही तोच सन्मान लाभला. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनियो नदीवर त्यांनीं एका घायाळास पाण्यांतून, निसरड्या कांठावरून, सुरुंगांमधून उचलून आणिलें. मग पुन्हां जाऊन दुसऱ्यास आणिलें. शत्रूच्या मशीनगनी त्यांनीं बंद पाडिल्या त्या त्यानंतर. हा क्रम आम्हांस फार मोलाचा वाटतो.

आपणांपैकीं ज्यांच्या घरीं पलटणीचा जुना फोटो असेल, त्यांनीं मागच्या रांगेंतील माणसें कोण, हें वडीलधाऱ्यांस विचारून त्याच्या पाठीवर लिहून ठेवावें. शाई मात्र पक्की असावी. आमच्याकडील पावसाळा आपणांस ठाऊक आहेच.