राणीच्या बागेतली झाडं

राणीच्या बागेत काय बघायचं, असं कुठल्याही लहान मुलाला विचारा. ते वाघ म्हणेल, नाहीतर पेंग्विन. त्यात त्याची काहीच चूक नाही. आपण मोठी माणसंही त्याला तेवढंच दाखवून घरी आणतो. पण भायखळ्याची ही बाग मुळात झाडांची. १८६२ साली ती लोकांसाठी खुली झाली ती वनस्पतींची बाग म्हणून. प्राण्यांचे पिंजरे नंतर आले.

मी लालबागला राहते. बाग पायी जाण्याच्या अंतरावर, म्हणून तिथल्या झाडांचे सगळे ऋतू मला बघायला मिळतात. लांबच्या अभयारण्यात हे सुख नाही. तिथं दोन दिवसांत जे दिसेल ते बघायचं आणि परतीची गाडी पकडायची. काही झाडं मात्र पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय कळतच नाहीत.

गोरखचिंचेचंच घ्या. ही मूळची आफ्रिकेची. आपल्या फुगीर, राखाडी बुंध्यात ती पाणी साठवून ठेवते. मार्चमध्ये गेलात तर अंगावर पान नसतं. झाड वाळलं की काय, असं वाटतं. पावसाच्या सुमाराला पालवी फुटते आणि मग लांब देठांवर मोठाली पांढरी फुलं येतात. ती उमलतात रात्री, कारण त्यांचं परागीभवन वटवाघळं करतात. तेव्हा बागेला कुलूप असतं. आपल्या वाट्याला येतं ते सकाळी खाली पडलेलं, कडा तपकिरी झालेलं फूल. तेही उचलून बघावं. मधोमध पुंकेसरांचा गच्च गोंडा असतो.

माझं सगळ्यात लाडकं झाड म्हणजे उर्वशी. हे ब्रह्मदेशातलं. तिथंही ते रानात क्वचितच सापडतं, आणि बी फारच कमी धरतं, त्यामुळे नवं झाड वाढवणं जिकिरीचं. बहर आला की त्याची लाल फुलं झुंबरासारखी लोंबतात. मोठ्या पाकळीच्या टोकाशी पिवळा डाग असतो. फुलांकडे कुणाचंही लक्ष जाईल, पण तुम्ही कोवळी पानं बघा. तांबूस, जांभळट छटेची, अगदी मऊ, मान टाकून लटकलेली. झाडाला पाणी मिळत नाही, अशी शंका यावी. पुढे तीच पानं हिरवी होतात आणि सरळ होऊन पसरतात.

अशी झाडं असलेल्या बागेत नवं बांधकाम निघालं की मला आधी मुळांची काळजी वाटते. बुंध्याला भिडवून काँक्रीट घातलं तर मुळांना पाणी आणि हवा मिळायची कशी? जुनं झाड उपटून दुसरीकडे लावलं तर ते जगेलच, याची खात्री कोण देणार? मुंबईत इतकी जुनी, इतक्या जातींची झाडं एका आवारात फारशी उरलेली नाहीत. ती राखणं हे त्या बागेचं पहिलं काम आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

तेव्हा पुढच्या वेळी मुलांना वाघ जरूर दाखवा, पण अर्धा तास झाडांसाठी ठेवा. पाऊस सुरू झाला की त्याच झाडांपाशी त्यांना पुन्हा न्या. फक्त बुधवारी जाऊ नका; त्या दिवशी बाग बंद असते.