औषधाचे वेष्टन कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



औषधांच्या मक्तेदारीचा विषय निघाला की आपण पेटंटविषयी बोलतो. ते योग्यच आहे. परंतु पेटंटला मुदत असते. आपल्या कायद्यात ती वीस वर्षांची आहे. व्यापारचिन्हाला तशी अखेर नाही. दर दहा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण केले की नाव कंपनीच्या मालकीचे राहते, आणि त्या नावाभोवती रंग, अक्षरांचे वळण, खोक्यावरील मांडणी यांची तटबंदी उभी राहते. वेष्टनावरून होणारे कज्जे म्हणूनच क्षुल्लक समजू नयेत.

२०१८ साली ग्लेनमार्क कंपनीने असा एक दावा मुंबई उच्च न्यायालयात आणला. तिच्या ‘कॅन्डिड-बी’ या त्वचारोगावरील मलमासमोर गाल्फा लॅबोरेटरीजचे ‘क्लोडिड-बी’ उभे होते. नाव मिळतेजुळते, रंगसंगती आणि अक्षरांचे वळणही तसेच. न्यायमूर्ती काथावाला यांनी औषध कंपन्यांवरील विशेष जबाबदारीची जाणीव करून दिली आणि गाल्फाला दीड कोटी रुपये केरळच्या पूरग्रस्तांसाठी मुख्यमंत्री निधीत भरावयास लावले. त्याआधी २००१ साली ‘फाल्सिगो’ व ‘फाल्सिटॅब’ या मलेरियावरील औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, औषधांच्या नावांतील साम्य अधिक कठोरपणे तपासावे. कारण या देशात निरक्षरता आहे, भाषा अनेक आहेत, आणि चूक डॉक्टरांकडूनही होऊ शकते.

हे निर्णय स्वागतार्ह आहेत. पण साम्य नेहमीच घातक असते काय? अमेरिकेतील एक खटला पाहा. आइव्ह्ज कंपनीच्या सायक्लँडेलेट या औषधाचे पेटंट १९७२ साली संपले. इतर कंपन्यांनी तेच औषध त्याच रंगांच्या कॅप्सूलमध्ये विकण्यास प्रारंभ केला आणि वाद १९८२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खालच्या न्यायालयाला आढळले होते की काही रुग्ण आपल्या गोळ्या एकाच डबीत ठेवतात आणि रंगावरून ओळखतात. स्वस्त औषध वेगळ्या रंगात आले तर गोंधळ रुग्णाचाच होणार!

म्हणजे रुग्णाची गरज अगदी साधी आहे: भिन्न औषधे भिन्न दिसावीत, एकच औषध एकच म्हणून ओळखू यावे. मालकाची गरज याच्या उलट आहे. औषध तेच असले तरी आपले ते निराळे दिसावे, यातच त्याचा नफा असतो. न्यायालयात दोन्ही बाजूंना मालक उभे राहतात; रुग्ण त्या दाव्यात पक्षकार नसतो.

१९७५ साली हाथी समितीने ब्रँडनावे टप्प्याटप्प्याने काढून औषधांची मूळ नावे रूढ करावीत, अशी शिफारस केली होती. ती बासनात राहिली. २०१८ साली मूळ नाव ब्रँडनावापेक्षा किमान दोन आकारांनी मोठे छापावे, असा नियम झाला. मात्र तीन वा अधिक औषधांच्या मिश्रणांना त्यातून सूट मिळाली.

आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. वेष्टनावर प्रथम हक्क रुग्णाचा. मूळ नाव ठळक असावे आणि ते रुग्णाला वाचता येईल अशा लिपीतही असावे. मिश्रणांची सूट रद्द व्हावी. आणि ज्या साथींचा दवाखान्यांशी, औषधांच्या दुकानांशी संबंध येतो, त्यांनी लोकांना खोक्यावरील मोठ्या नावाखालचे खरे नाव वाचावयास शिकवावे. मालकांचा तंटा न्यायालये सोडवतील. रुग्णांची बाजू मात्र आपणच मांडावयाची आहे.