कुष्ठरोगातील दाह आणि त्याचे शमन



दिवाळीच्या सुमारास या मांजरसुंब्याच्या परिसरातून ऊसतोड कामगार साखर कारखान्यांकडे निघतात. कोयता धरणारा हात बधिर झाला, तर त्या घराची चूल अडते. म्हणून कुष्ठरोगाच्या एका दुर्लक्षित बाजूकडे आपले लक्ष वेधतो.

कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. परंतु मज्जातंतूंची बरीच हानी होते ती त्या जंतूंशी झुंजणाऱ्या आपल्याच संरक्षक पेशींच्या दाहामुळे. उपचार चालू असताना, क्वचित संपल्यावरही, चट्टे एकाएकी लाल होऊन सुजतात, नस दुखते, बोटांतील बळ ओसरते. औषध बाधले असे समजून रुग्ण गोळ्या सोडतो आणि तेथेच घात होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्यातील रिफाम्पिसिन व डॅप्सोन जंतूंवर चालतात. क्लोफॅझिमिन जंतूंना आवरते आणि दाहही शमविते. दाह तीव्र असल्यास डॉक्टर प्रेडनिसोलोन देतात. ते जंतू मारीत नाही, म्हणून ठरलेला जंतुनाशक उपचार चालूच ठेवावा लागतो. ते मनाने घेणे वा एकाएकी थांबविणे धोक्याचे असते. नसांचा अशक्तपणा सहा महिन्यांच्या आत उपचारांखाली आला, तर गेलेले बळ पुष्कळदा परत येते.

सरपंच व शिक्षकांना विनंती, की स्थलांतरापूर्वी रुग्णाजवळ उपचारपत्रिका व पुरेशा गोळ्या आहेत, याची खात्री करावी. नस दुखू लागताच त्याला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे ही औषधे विनामूल्य मिळतात. विलंबाची किंमत मात्र हाताने मोजावी लागते.